मोंतेगुफोनीचा पहारा

१९४४ सालच्या जुलैअखेर फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली नामांकित चित्रे जागेवर नव्हती. बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’, जोत्तोची सिंहासनावर बसलेली मेरी, दुच्चोची साडेचार मीटर उंचीची मेरी, चिमाबुएची मेरी, उच्चेल्लोचे सान रोमानोच्या लढाईचे चित्र, अशी सुमारे अडीचशे चित्रे शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मोंतेगुफोनी नावाच्या एका जुन्या गढीत भिंतींना टेकवून ठेवली होती. जर्मन आघाडी जवळच होती, आसपास तोफगोळे पडत होते, तळघरांत निर्वासित इटालियन कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. आणि गढीच्या आवारात मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई होते. त्या पलटणीची भरती चालायची ती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, बेळगाव या भागांतून. कऱ्हाड-तासगावकडच्या शेतकऱ्यांची पोरे आणि युरोपच्या प्रबोधनकाळातली सर्वांत मौल्यवान चित्रे काही दिवस एकाच छपराखाली होती. युद्धात कलेचे रक्षण कसे झाले याची कथा एरवी गणवेशातल्या प्राध्यापकांच्या नावावर जमा होते. मोंतेगुफोनीचा पुरावा नीट पाहिला तर त्या श्रेयाची वाटणी वेगळी करावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आधी चित्रे तिथे गेली कशी ते पाहू. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने इटलीला युद्धात उतरवले, तेव्हापासूनच फ्लॉरेन्समधल्या कलावस्तू हलवण्याची तयारी सुरू झाली. शहराच्या कलासंपत्तीचे प्रमुख जोव्हान्नी पोज्जी यांनी टस्कनीच्या डोंगराळ भागातल्या गढ्या, वाडे, मठ हेरले आणि तीसहून अधिक ठिकाणी चित्रे व शिल्पे पांगवली. बाँब पडणार ते रेल्वेच्या जंक्शनांवर आणि शहरांवर, खेड्यातल्या गढीवर कोण टाकतो, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. तेव्हा तो बरोबरही होता. मोंतेगुफोनीची गढी इंग्रज सरदार सर जॉर्ज सिटवेल यांनी १९०९ साली विकत घेतलेली. मालक शत्रुराष्ट्राचा नागरिक, त्यामुळे ती ताब्यात घ्यायलाही सोपी. शिवाय तिची दालने प्रशस्त आणि दरवाजे रुंद होते. दुच्चोसारखे प्रचंड लाकडी फलकावरचे चित्र आत न्यायचे म्हणजे दरवाज्याचे माप हीच पहिली अडचण असते. पण हा सगळा हिशेब विमानहल्ल्याचा होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, जर्मनांनी देश व्यापला आणि दोस्त सैन्य दक्षिणेकडून एकेक नदी, एकेक टेकडी ओलांडत वर सरकू लागले. आता लढाई नेमकी खेड्यांतून आणि गढ्यांतूनच जाणार होती. शहराबाहेर काढलेली चित्रे आपसूक रणांगणात येऊन पडली. १९४४ च्या उन्हाळ्यात ती परत शहरात आणायची तर ट्रक नाहीत, पेट्रोल नाही, आणि रस्त्यावर जे चाक फिरेल त्यावर दोस्तांची विमाने गोळ्या झाडणार. चित्रे होती तिथेच राहिली.

मराठा शिपाई तिथे कसे पोचले, याचा मार्ग आणखी लांबचा आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्कर पंचवीस लाखांवर गेले आणि ही सारी भरती कायद्याने सक्तीची नव्हती. पण ‘स्वेच्छेने’ म्हणताना माण, खटाव, खानापूर, जत या भागांचा पाऊस लक्षात घ्यावा लागतो. दुष्काळी जमीन, वाटण्या होऊन तुकड्यांत आलेले शेत, सावकाराचे देणे, आणि घरात एखाद्या चुलत्याने पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया पाहिलेला. अशा घरातला मुलगा पलटणीत जाई त्यामागे पोट होते आणि घराण्याची रीतही होती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावला. तिथे कवायत शिकून निघालेला शिपाई मुंबई बंदरातून इजिप्त-इराककडे जाई. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेकडच्या तारांतो बंदरात उतरली, तिच्यात मराठ्यांचीही पलटण होती. त्रिन्यो, सांग्रो, मग मे १९४४ मध्ये कॅसिनोजवळची गारी, अशा नद्या तिने एकामागून एक ओलांडल्या. हिवाळ्यात चिखल, बर्फ. पुढे उन्हाळ्यात धूळ. जुलैच्या उत्तरार्धात ही डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला, मोंतेस्पेर्तोलीच्या टेकड्यांत आघाडीवर आली. समोर आर्नो नदी, पलीकडे फ्लॉरेन्स.

या कथेतली एक गाठ सोडवल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या महिन्यांत सातारचे शिपाई इंग्रजांच्या झेंड्याखाली इटलीत लढत होते, त्याच महिन्यांत सातारा जिल्ह्यात इंग्रजांचे राज्य रात्रीपुरते का होईना, संपलेले होते. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या पट्ट्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे प्रतिसरकारच्या तुफान सेनेने लुटली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून तट ओलांडून बाहेर पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवला गेला, त्यातही प्रतिसरकारची कुंडलकडची मंडळी होती. मग इटलीतला शिपाई कोणाच्या बाजूचा? आजच्या वाचकाला हा प्रश्न टोचतो, आणि टोचायलाच हवा. पण त्याचे उत्तर ‘देशभक्त’ आणि ‘भाडोत्री’ अशा दोन खणांत बसत नाही. त्याच तालुक्यांत कुणी तुफान सेनेत गेला, कुणी पलटणीत. दोन्हीकडच्या माणसांना जमीन, जात आणि सावकार सारखेच माहीत होते. शिपायाने फॅसिस्टांशी लढण्याचा वैचारिक करार केलेला नव्हता, तसाच साम्राज्य टिकवण्याचाही नव्हता. त्याने पगार घेतला, घरी मनीऑर्डर पाठवली आणि नेमून दिलेले काम केले. ते काम काय होते, हे पाहणे एवढेच इतिहासलेखकाच्या हाती आहे.

जुलै १९४४ मध्ये या गढ्यांवर जे गुदरले ते क्रमाने पाहिले तर पहाऱ्याची किंमत कळते. मोंतेगुफोनीपासून थोड्याच अंतरावर मोंतान्याना नावाच्या गावात आणखी एक वाडा होता, त्यातही उफिझी आणि पित्ती संग्रहालयांतली चित्रे होती. जुलैच्या सुरुवातीला जर्मन सैन्याच्या एका डिव्हिजनने ट्रक आणून तिथली जवळजवळ तीनशे चित्रे उचलली आणि उत्तरेकडे नेली. ‘दोस्तांच्या हाती पडू नयेत म्हणून सुरक्षित ठिकाणी हलवतो’ असे कारण दिले गेले. कलारक्षणासाठी जर्मन लष्कराचे स्वतंत्र खाते होते, त्याचे अधिकारी फ्लॉरेन्सच्या लोकांना आश्वासने देत होते. आणि त्याच खात्याच्या कर्नल लांग्सडॉर्फने ओलिव्हेतोच्या गढीतून क्रानाखची आदम आणि हव्वा ही दोन चित्रे स्वतः नेली. याच दिवसांत उफिझीचा ग्रंथपाल चेझारे फासोला फ्लॉरेन्सहून पायी निघाला. आघाडीच्या दिशेने, तोफमारा चुकवत तो गढ्यांपर्यंत पोचला. तो येईपर्यंत मोंतान्यानाची चित्रे गेलेली होती. मोंतेगुफोनीत जर्मन सैनिक ठाण मांडून होते. दालनांत चित्रे अस्ताव्यस्त पडलेली, त्यांच्यावरून ये-जा चाललेली. गिर्लांदायोच्या एका गोल चित्राचा टेबलाच्या फळीसारखा वापर झाला होता. फासोलाजवळ शस्त्र नव्हते, अधिकारपत्राला कुणी विचारत नव्हते. त्याने गढीत मुक्काम ठोकला, अधिकाऱ्यांच्या विनवण्या केल्या, चित्रे उचलून भिंतीशी लावली, खिडक्यांपासून दूर सरकवली. या प्रकरणात नायक असा एकच शोधायचा असेल तर तो हा ग्रंथपाल आहे, हे मराठी अभिमानाला जरा मुरड घालून मान्य केले पाहिजे.

जर्मन मागे हटले आणि गढी आठव्या भारतीय डिव्हिजनच्या ताब्यात आली. महिनाअखेरीस दोन पत्रकार-लेखक तिथे येऊन थडकले: स्कॉटिश कादंबरीकार एरिक लिंक्लेटर, जो ब्रिटिश लष्करासाठी मोहिमेचा इतिहास लिहीत होता, आणि बीबीसीचा वार्ताहर विनफर्ड व्हॉन-टॉमस. पुढचा प्रसंग लिंक्लेटरने १९४७ च्या ‘द आर्ट ऑफ ॲडव्हेंचर’ या पुस्तकात रंगवून सांगितला आहे. गढीत वेळ काढत असताना भिंतीला टेकवलेली काही जुनी चित्रे त्यांना दिसली. आधी वाटले, घरमालकाची कुठली तरी नक्कल असेल. मग व्हॉन-टॉमसला उच्चेल्लोची लढाई ओळखू आली. मग जोत्तो, मग पुढच्या दालनात ‘प्रिमाव्हेरा’. दोघे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नावे ओरडत धावू लागले, आणि तळघरातले निर्वासितही त्यांच्या आनंदात सामील झाले. लिंक्लेटरने पुढे कबूल केले आहे की, एकटा असताना त्याने टाचा उंचावून ‘प्रिमाव्हेरा’मधल्या स्त्रियांच्या मुखांचे चुंबन घेतले. आज संग्रहालयात कुणी असे केले तर त्याला पोलीस नेतील. डिव्हिजनच्या मुख्यालयाला वर्दी गेली, मराठा शिपायांचा पहारा चित्रांवर बसला, आणि दोन-तीन दिवसांत टस्कनीचा कलारक्षण अधिकारी, अमेरिकन लेफ्टनंट फ्रेडरिक हार्ट आपली खटारा जीप घेऊन पोचला. हार्ट पुढे प्रबोधनकालीन कलेचा मोठा अभ्यासक झाला. त्याच्या १९४९ च्या पुस्तकामुळेच या घटनांचा बराचसा तपशील आपल्याला मिळतो.

आता कुणी म्हणेल की, जर्मन निघून गेल्यावर पहारा बसला, मग शिपायांनी वाचवले ते कशापासून? हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर दोस्त सैन्याच्याच कागदपत्रांत सापडते. १९४३ च्या शरदात नेपल्स हाती आल्यावर दोस्त सैन्याच्या तुकड्यांनी ग्रंथालयांत, संग्रहालयांत, विद्यापीठाच्या इमारतींत मुक्काम ठोकले आणि इतकी नासधूस झाली की चौकशी बसवावी लागली. याच पार्श्वभूमीवर २९ डिसेंबर १९४३ रोजी जनरल आयझेनहॉवर यांनी वास्तू आणि कलावस्तू जपण्याबद्दलचा आपला प्रसिद्ध हुकूम काढला. थकलेल्या सैनिकाला कोरडी खोली हवी असते, शेकोटीला लाकूड हवे असते, घरी पाठवायला एखादी आठवणवस्तू हवी असते. ‘प्रिमाव्हेरा’ हे पॉप्लरच्या लाकडी फळ्यांवर रंगवलेले तीन मीटरांहून अधिक रुंदीचे चित्र आहे. ज्याला त्याचे नाव माहीत नाही त्याच्या दृष्टीने फुटक्या खिडकीला लावायला त्याहून सोयीची फळी नाही. टेबलफळी झालेले गिर्लांदायोचे चित्र ही काही जर्मन स्वभावाची खूण नव्हे, ती कुठल्याही सैन्याची सवय आहे. हार्ट एकटा माणूस, त्याच्यावर अख्ख्या टस्कनीची जबाबदारी. तो एका गढीत चार तास थांबू शकत होता, चार दिवस नाही. फासोलाचा शब्द दोस्त सैन्यातला कुणी गोरा सार्जंट ऐकेलच असे नव्हते. दारात बंदूकधारी शिपाई उभा असेल आणि त्याला ‘कुणाला आत सोडू नको’ असा हुकूम असेल, तरच नियम कागदावरून जमिनीवर येतो. कलारक्षणाच्या यंत्रणेचे शेवटचे टोक हा पहारेकरी होता. त्याच्यावाचून आयझेनहॉवरचा हुकूम म्हणजे चांगल्या हेतूचे एक पत्रक ठरले असते.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे: हा निव्वळ योगायोग होता, पलटण कुठलीही असती तरी हेच झाले असते. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. भारतीय सैन्य म्हणजे कलेचे रक्षक असे चित्र रंगवायचे ठरवले तर मॉन्ते कॅसिनो आडवे येते. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी कॅसिनोचा सहाव्या शतकात स्थापन झालेला मठ उद्ध्वस्त केला, आत आश्रय घेतलेले इटालियन नागरिक मारले गेले, आणि नंतर त्याच ढिगाऱ्यांत जर्मनांनी पक्की मोर्चेबांधणी केली. त्या बाँबहल्ल्याचा आग्रह धरणारा सेनापती फ्रान्सिस टकर हा चौथ्या भारतीय डिव्हिजनचा प्रमुख होता. त्याचा युक्तिवादही साधा होता: ज्या डोंगरावर माझ्या माणसांना चढायचे आहे त्याच्या माथ्यावर दगडी किल्ला मी शाबूत ठेवणार नाही. पाच महिन्यांच्या अंतराने एका भारतीय डिव्हिजनसाठी मठ पडला आणि दुसऱ्या भारतीय डिव्हिजनने चित्रे राखली. यातून वंशाचे वा संस्कृतीचे गुण सिद्ध होत नाहीत; पण ‘योगायोग होता’ म्हणून काम हलके होते हेही सिद्ध होत नाही. फासोला ग्रंथपाल होता हाही योगायोग, हार्ट कलेचा विद्यार्थी होता हाही. युद्धात माणूस कुठे नेमला जाईल हे त्याच्या हातात नसते. नेमल्यावर तो काय करतो एवढेच त्याचे.

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी लिहीत नाही, पण अनेक वर्णनांच्या सुरातून तो ऐकू येतो. खेड्यातला अर्धशिक्षित शिपाई, त्याला बोत्तिचेल्ली काय कळणार? लिंक्लेटर आणि व्हॉन-टॉमस चित्रे ‘ओळखतात’, शिपाई नुसता ‘राखतो’, अशी ही विभागणी. त्या दालनात उच्चेल्लोचे जे चित्र होते ते पाहा. १४३२ साली फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात झालेल्या चकमकीचे ते चित्र: भाल्यांचे रान, घोड्यांच्या लाथा, मध्यभागी घोड्यावरून उलथणारा सरदार, जमिनीवर मोडक्या भाल्यांचे तुकडे. घोडा कसा कोसळतो आणि भाला कसा मोडतो हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही, ज्याच्या गावच्या वेशीवर वीरगळ उभा आहे त्याला तर नाहीच. जोत्तोच्या चित्रात मांडीवर मूल घेऊन बसलेली आई आहे. शिवाय त्या काळचा सातारा कलेला इतका परका नव्हता. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भित्तिचित्रे होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. राजा रविवर्म्यापासून पाश्चात्त्य चित्रांपर्यंतचा संग्रह तिथे आहे, हेन्री मूरचे दगडात घडवलेले आई-मुलाचे शिल्पही आहे. फ्लॉरेन्सच्या वाऱ्या केलेल्या इंग्रज तरुणाला मूर कळायच्या आधी ते शिल्प खटाव तालुक्याच्या शेजारी येऊन बसले, ही गंमत इंग्रज लेखकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रत्येक मराठा शिपाई औंधला जाऊन आला होता असे मला म्हणायचे नाही. कळणे हे राखण्याच्या आधी यावेच लागते, हा समजच मला मान्य नाही. कळणारे लांग्सडॉर्फसारखे लोकही होतेच. क्रानाख त्याला चांगला कळत होता, म्हणून तर त्याने तो नेला.

लुटीबद्दल बोलताना आपण फार सोवळे राहू नये. मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलेली आहे ती पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या, त्यांतलीच ही. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. आणि उच्चेल्लोची ती लढाईची चित्रे? लोरेन्झो दे मेदिचीने ती फ्लॉरेन्समधल्याच एका कुटुंबाकडून जबरदस्तीने आणवली होती. जिंकणाऱ्याने सुंदर वस्तू नेणे हा इतिहासाचा नित्याचा व्यवहार होता. १९४४ साली वेगळे घडले ते हे की, जिंकणाऱ्या सैन्याने दारात पहारा बसवला आणि तो कालपर्यंत शत्रू असलेल्या राष्ट्राच्या मालमत्तेसाठी बसवला.

पुढच्या घटना झपाट्याने घडल्या. ३ ऑगस्टच्या रात्री आणि ४ ऑगस्टच्या पहाटे जर्मनांनी फ्लॉरेन्समधले आर्नोवरचे पूल उडवले, फक्त पोन्ते व्हेक्यो ठेवला, आणि त्याच्याकडे जाणारे रस्ते अडवण्यासाठी दोन्ही टोकांची मध्ययुगीन घरे सुरुंगांनी पाडली. सांता त्रिनिता हा सोळाव्या शतकातला देखणा पूल पाण्यात गेला. मूळ दगड नदीतून उपसून तो पुन्हा बांधायला १९५८ साल उजाडले. आठवडाभर नदी हीच आघाडी होती. ११ ऑगस्टला इटालियन स्वातंत्र्यसैनिक उठले आणि जर्मन शहराच्या उत्तर कडेला हटले. याच महिन्यात शहराची बाजू आठव्या भारतीय डिव्हिजनकडे आली. त्या आघाडीच्या रेषेवर, उत्तर तीरावर, मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या संगमाशी एक मराठी छत्री उभी होती. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. वय वीस-एकवीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि प्रेत जाळण्याची चाल युरोपला परकी होती. नगरपालिकेची खास परवानगी काढून संगमावर त्यांचे दहन झाले, आणि १८७४ साली तिथे छत्री व अर्धपुतळा उभा राहिला. आज त्या भागाला आणि तिथल्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘इंदियानो’ म्हणतात. राजाला बरोबरच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने छापून आणलेली रोजनिशी आहे, पुतळा आहे, शिलालेख आहे. मोंतेगुफोनीच्या पहारेकऱ्याला यांतले काही नाही. पहारा हे असे काम आहे की ते नीट झाले तर लिहिण्यासारखे काही घडतच नाही, आणि मग कागदावर उरते फक्त पलटणीचे नाव.

पलटणीची इटलीतली मोठी नावे युद्धाच्या पराक्रमाची आहेत. कुलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी, म्हणजे मोंतेगुफोनीच्या जेमतेम तीन आठवडे आधी, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनचे ठाणे मारून पडला. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर दोन जखमींना आणून तीन मशिनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्याचे पाच हजारांहून अधिक लोक गेले. त्यांतल्या हिंदू-शीख सैनिकांची दहने झाली, त्यांची नावे सांग्रो आणि फोर्लीच्या स्मारकांवर कोरली आहेत. १८७० साली ज्या दहनासाठी राजाच्या माणसांना परवानगी काढावी लागली, ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लष्करी व्यवस्थेचा भाग झाले होते. परतलेल्यांना गावी वेगळेच जग भेटले: युद्धानंतरची नोकरकपात, रेशन, आणि लवकरच स्वराज्य. नव्या राष्ट्राने आपला इतिहास लिहायला घेतला तेव्हा तुरुंगाचा तट ओलांडणाऱ्यांना त्यात मानाचे स्थान मिळाले, आणि ते योग्यच होते. परक्या झेंड्याखाली लढून आलेला माणूस मात्र त्या इतिहासात अवघडून उभा राहिला. इंग्रजांच्या इतिहासात तो ‘आमचे शूर मराठे’ होता, आपल्या इतिहासात तो अडचणीचा होता. अलीकडे हे थोडे बदलले आहे. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावाने यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे केले. तरी तेही स्मारक शौर्याचेच.

मोंतेगुफोनी आणि मोंतान्याना या दोन शेजारच्या ठिकाणांचा पुढचा जमाखर्च मांडला की पहाऱ्याचे मोल आपोआप पुढे येते. मोंतेगुफोनीची चित्रे आघाडी पुढे सरकेपर्यंत गढीत राहिली आणि युद्ध संपल्यावर वीसेक किलोमीटरचा प्रवास करून घरी परतली. मोंतान्यानाची चित्रे ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या डोंगरांत मे १९४५ मध्ये सापडली आणि जुलै १९४५ मध्ये रेल्वेने फ्लॉरेन्सला आली, पण सगळी नाही. पोलायुओलोची हर्क्युलिसची दोन चिमुकली चित्रे १९६३ साली थेट कॅलिफोर्नियात मिळाली. डच चित्रकार यान व्हान हाउसुमचा फुलदाणीचा एक छोटा कॅनव्हास एका जर्मन सैनिकाने घरी पाठवून दिला होता. तो जर्मनीतल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. २०१९ च्या पहिल्याच दिवशी उफिझीच्या संचालकांनी पित्ती राजवाड्यात त्या चित्राची कृष्णधवल प्रत लावून तिच्यावर ‘चोरीला गेलेले’ असे तीन भाषांत लिहिले. जुलै २०१९ मध्ये इटली आणि जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या उपस्थितीत मूळ चित्र परत भिंतीवर लागले, तेव्हा ते मोंतान्यानाच्या वाड्यातून उचलले गेल्याला पंचाहत्तर वर्षे झाली होती.